पश्चिमेची भिंत

कोकणातल्या कुठल्याही घराभोवती पावसाळ्याच्या शेवटी एक फेरी मारली, की चार महिने वारा कुठून वाहत होता ते होकायंत्राशिवाय कळतं. पूर्वेची भिंत बरी असते. उत्तरेच्या भिंतीला ऊन कमी, म्हणून तिच्यावर हिरवट थर धरलेला असतो. पश्चिमेची बाजू मात्र पाहवत नाही. काळे ओघळ, सुटलेले पापुद्रे, खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली भेग आणि भेगेच्या दोन्ही अंगांना खाराची पांढरी फुलं. छपरावर पडणाऱ्या पावसाची वाट कौलांनी आणि पागोळ्यांनी ठरवून दिलेली असते. वाऱ्याबरोबर आडवी येणारी झड थेट भिंतीवरच आदळते.

रत्नागिरीकडे वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आंबोलीला सात हजारांच्या वर. पुण्यात सातशेच्या आसपास. या पावसासमोर उभा राहणारा रंगाचा थर दोन हात मारून वाळला, की जाडीला साधारण माणसाच्या केसाएवढा भरतो.

जुनी माणसं हे ओळखून होती. आगोटीच्या कामांत वाऱ्याच्या बाजूला झावळ्यांचे झाप बांधणं हे एक ठरलेलं काम असायचं. छप्पर भिंतीच्या पुढे चांगलं दोन-अडीच फूट उतरलेलं असे. आता घरं दुमजली झाली, वर सपाट स्लॅब आले, छज्जे आखडले, झाप बांधायला गडी मिळेनासे झाले. झापांचं काम आपण रंगाच्या डब्यावर सोपवलं.

यंदाच्या अंकाचा विषय ‘घर’ ठरला, तेव्हा संपादकांचा फोन आला. "रंगावर लिहा," ते म्हणाले, "पण सौंदर्यदृष्टी वगैरे नको. लोक लाखभर रुपये घालून घराला बाहेरून रंग काढतात आणि दोन वर्षांत पोपडे येतात. का येतात ते बघून या."

श्रावणातली घाई

रत्नागिरीच्या उत्तरेला, समुद्रापासून आत डोंगराच्या कुशीत एक वाडी आहे. श्रावणात तिथे पोचले तेव्हा एका घराला बांबूची परांची बांधलेली होती आणि वर निळी ताडपत्री. ताडपत्रीखाली दोन माणसं पत्र्याच्या पट्टीनं जुना रंग खरवडत होती. खाली अंगणात शिडीला टेकून रंगारी उभे होते. पन्नाशी ओलांडलेले, वडिलांपासून हाच धंदा. चारी वाड्यांत त्यांना ‘मिस्त्री’ म्हणूनच ओळखतात.

घर दोघा भावांचं. थोरले गावी असतात, आंब्याची कलमं बघतात. धाकटे डोंबिवलीला. रंगाचे पैसे धाकट्यांचे, म्हणून हुकूमही त्यांचाच, आणि तो फोनच्या स्पीकरवरून सगळ्या अंगणाला ऐकू येत होता.

"दादा, गणपतीला सगळे येणार आहेत. व्याही पहिल्यांदा येतायत. भिंती अशाच काळ्या ठेवायच्या काय?"

थोरल्यांनी फोन मिस्त्रींकडे दिला. मिस्त्री शांतपणे म्हणाले, "भाऊ, रंग मी लावतो. माझा काय, धंदाच आहे. पण शिमग्याला फोन करून मला शिव्या घालू नका."

मग त्यांनी मला पश्चिमेची भिंत दाखवली. आदल्या संध्याकाळी त्यांनी प्लास्टिकची एक पिशवी कापून, हातभर चौकोन भिंतीवर चारी कडांनी चिकटपट्टी लावून डकवला होता. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब जमले होते. वरून पाऊस लागू नये म्हणून ताडपत्री होतीच, म्हणजे हे पाणी भिंतीच्या पोटातून आलेलं. "हिला आता कुठलापण रंग द्या," मिस्त्री म्हणाले, "वरच्या किमतीचा द्या, नाहीतर खालच्या. ती आतून ढकलणारच."

महाराष्ट्रात घराला रंग काढायचे दोन मोसम आहेत: गणपतीच्या आधी आणि दिवाळीच्या आधी. कोकणात पहिला, देशावर दुसरा. रंगाच्या दुकानांत वर्षभराच्या धंद्याचा मोठा हिस्सा याच दिवसांत होतो. आणि भिंत वर्षभरात सगळ्यात ओली असते तीही याच दिवसांत. गणपतीच्या आधी पाऊस चालूच असतो. दिवाळीपूर्वी तो नुकता थांबलेला असतो, वरून ऊन पडतं, भिंत हाताला कोरडी लागते, पण जाड गिलाव्याच्या आत चार महिन्यांचं पाणी मुरलेलं असतं. ते बाहेर पडायला आठवडे लागतात. शिवाय ऑक्टोबरात पहाटे दव पडतं. आदल्या दुपारी मारलेल्या गडद रंगावर ते पडलं, की सकाळी भिंतीवर चिकट, साबणासारखे ओघळ दिसतात. रंगात घटक मिसळून राहावेत म्हणून घातलेली रसायनं पाण्यानं वर खेचली जातात, त्याचे ते डाग. बहुतेक वेळा पुढच्या धुण्यात निघतात, पण मालक तोवर मिस्त्रीचे पैसे अडवून बसलेला असतो.

सणाला घर उजळ दिसावं, यात गैर काही नाही. पण आपण ज्या मुहूर्तावर रंग निवडायला जातो तो मुहूर्त भिंतीला विचारलेला नसतो, आणि डब्याची किंमत कितीही चढवली तरी ही चूक भरून निघत नाही. या लेखासाठी जे जे भेटले, त्यांतले जाणते लोक फिरून याच मुद्द्यावर यायचे. त्यांतला दुकानदार हे बोलला तेव्हा गिऱ्हाईक नसल्याची खात्री करून बोलला, इतकंच.

चुना होता तेव्हा

मिस्त्रींच्या वडिलांच्या काळी डबेच नव्हते. चुना होता. समुद्रकाठी शिंपले आणि तिसऱ्यांची कवचं भट्टीत भाजायची, की कळीचा चुना मिळतो. तो पाण्यात टाकून विरवायचा. पाणी उकळ्या मारू लागतं, म्हणून पोरांना लांब ठेवायचं. मग काही दिवस तसाच मुरू द्यायचा, गाळायचा, त्यात डिंकाचं पाणी घालायचं, पांढरेपणा खुलायला चिमूटभर नीळ. कोणी मोरचूदही घालत, शेवाळ धरू नये म्हणून.

यातली गंमत अशी, की चुना भिंतीवर वाळतो तेव्हा नुसता सुकत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन तो पुन्हा शिंपल्याचा जो पदार्थ होता तोच होतो, कॅल्शियम कार्बोनेट. म्हणजे भिंतीवर दगडाचाच एक पातळ थर चढतो, पण सच्छिद्र. पाऊस लागला की भिंत भिजायची, ऊन पडलं की तितक्याच सहजपणे वाळायची. पाणी अडवायचा प्रयत्नच नव्हता. जांभ्याचा दगड, मातीचा लेप, वर चुना, सगळंच पाणी पिणारं आणि सोडणारं. त्याची किंमत म्हणजे दरवर्षी मेहनत. चुना टिकाऊ नव्हता, आणि हात लावला की कपड्यांना लागायचा.

पुढे सिमेंट आलं, आणि सिमेंटबरोबर भुकटीचा सिमेंट रंग. ‘स्नोसेम’ हे एका मालाचं नाव, पण आपल्याकडे पिढीच्या पिढी सगळ्याच सिमेंट रंगांना स्नोसेम म्हणत आली. पांढरं सिमेंट आणि रंगद्रव्य. पाण्यात कालवायचं, भिंत आधी ओली करून मारायचं, आणि मारून झाल्यावर दोन-तीन दिवस पुन्हा पाणी मारायचं. या शेवटच्या पाण्याला रंगारी कंटाळतात आणि मालक विसरतात. पाणी मारलं नाही तर सिमेंट घट्ट होत नाही, पहिल्याच उन्हाळ्यात भुकटी उडते. पाणी मारलं, तर मात्र खडबडीत गिलाव्यावर हा रंग तीन-चार वर्षं इमानानं राहतो. आजही कंपाउंडच्या भिंतीला, गोठ्याला, मागच्या बाजूला त्याच्याइतकं स्वस्त आणि समजूतदार काही नाही. त्याचा भाव उतरलाय तो दिसण्यामुळे. अंग खरखरीत, छटा मोजक्या, पाऊस लागला की सगळी भिंत काळवंडते आणि वाळली की परत मूळ रंगावर येते. शहरातून आलेल्या माणसाला हे बघवत नाही.

जुन्या जांभ्याच्या घरांचं दुखणं वेगळं आहे. मातीत बांधलेल्या, श्वास घेणाऱ्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवायचा आणि त्यावर रबरासारखा ताणला जाणारा, जाड थराचा, सगळ्यात महागडा रंग द्यायचा, हे गेल्या वीस वर्षांत सर्रास झालं. हा रंग वाईट नाही. बारीक भेगांवरून तो तुटत नाही, पाणी आत घेत नाही. पण जोत्यातून केशाकर्षणानं वर चढणारं पाणी त्या थरामागे अडकतं. मग भिंतीला ताटलीएवढे फुगे येतात. मिस्त्रींनी एका घराच्या मागच्या बाजूचा फुगा नखानं फोडून दाखवला; आतून पाणीच ओघळलं. या भिंतीला स्वस्तातला चुना चालला असता. उघड्या चिऱ्यावर चकाकणारं व्हार्निश मारणं हाही त्याच जातीचा प्रकार. पहिल्या वर्षी चिरा भिजल्यासारखा देखणा दिसतो, तिसऱ्या वर्षी काळा पडून सालपटं निघतात. चिऱ्याला द्यायचंच असेल तर दगडात मुरणारं, वर पापुद्रा न धरणारं पाणीरोधक द्यावं. ते दिल्यावर भिंत दिसायला काहीच बदलत नाही, म्हणून ते खपत नाही.

चिक्कीतला गूळ

ठाण्याला एक निवृत्त रसायनतज्ज्ञ राहतात. उमेदीची वर्षं रंगाच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत गेली. मुंबई हे या धंद्याचं जुनं गाव. नेरोलॅकचा उगम लोअर परळमध्ये १९२० साली, एशियन पेंट्सची सुरुवात १९४२ साली इथेच, आणि रंगाचा डबा हातात घेतलेला तो गट्टू आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ साली काढला तोही मुंबईतच. काकांना या इतिहासात रस नव्हता. त्यांनी कागद पुढे ओढला आणि विचारलं, "चिक्की खाता ना? शेंगदाणे जास्त आणि गूळ कमी घातला तर काय होतं?"

बाहेरच्या भिंतीच्या डब्यात मुख्यतः चार गोष्टी असतात. पाणी, जे उडून जातं. रंगद्रव्य, जे झाकतं. खडूसारखी भरताड पूड, जी आकारमान वाढवते. आणि बाइंडर, म्हणजे अॅक्रिलिकचे डोळ्यांना न दिसणारे कण, जे पाणी उडालं की एकमेकांत मिसळून सलग पापुद्रा होतात. हाच गूळ. पूड वाढवत आणि बाइंडर कमी करत गेलं, की एक हद्द येते. तिच्या पलीकडे प्रत्येक कणाभोवती पुरेसा गूळ उरत नाही, मध्ये हवेची भोकं राहतात आणि थर पाणी प्यायला लागतो. स्वस्त डबे या हद्दीच्या जवळ किंवा पलीकडे असतात. दुकानातून आणल्यावर ते वाईट दिसत नाहीत. उलट झाकतात छान, कारण कोरड्या पुडीतली हवाही पांढरी दिसते. खरं रूप पहिल्या पावसानंतर कळतं. तीन-चार वर्षांच्या भिंतीवरून तळहात फिरवा. पांढरी फक्की लागली, तर गूळ उन्हानं खाल्ला आणि शेंगदाणे सुटे झाले.

बाइंडरमध्येही जाती आहेत. निव्वळ अॅक्रिलिक उन्हात टिकतं. स्टायरीन मिसळलेलं स्वस्त पडतं, पाण्याला आणि खाराला चांगलं तोंड देतं, पण अतिनील किरणांपुढे लवकर हार मानतं. डब्यावर ‘अॅक्रिलिक’ दोन्हींच्या छापलेलं असू शकतं.

"मग गिऱ्हाइकानं ओळखायचं कसं?" मी विचारलं.

"डबा उचलून नक्की नाही." काका हसले. "सगळे उचलून बघतात. जड डबा म्हणजे दाट माल, असं वाटतं. खडू अॅक्रिलिकपेक्षा खूप जड असतो. भरताड जितकी जास्त, तितका डबा जड."

पांढरेपणा येतो तो टायटॅनियम डायऑक्साइडमुळे, आणि डब्यातला सगळ्यात महाग घटक बहुधा हाच. त्याचे दोन स्फटिकप्रकार वापरात आहेत. रूटाइल उन्हात टिकतं. अॅनाटेज उन्हात स्वतःच भोवतालचा बाइंडर कुरतडतं, म्हणून ते घराच्या आतच शोभतं. हे द्रव्य निघतं इल्मेनाइट या खनिजापासून, आणि इल्मेनाइट काळं असतं. रत्नागिरीजवळ काळबादेवीच्या, मालगुंडच्या किनाऱ्यावर ओहोटीला वाळूत काळे पट्टे दिसतात, ते त्याचेच. तिथले लोक त्या वाळूवरून रोज चालतात आणि पांढरा रंग विकत आणतात.

मग काकांनी बुरशीचं सांगितलं. शेवाळ आणि बुरशी रोखणारी औषधं रंगात घातलेली असतात, आणि ती काम करतात तेव्हाच हळूहळू पाण्याबरोबर धुऊन जात असतात. जिथे पाऊस जास्त, तिथे ती लवकर संपतात. ‘शेवाळरोधक, इतकी वर्षं’ हा आकडा कुठल्या पावसात मोजला, हा प्रश्न दुकानात कोणी विचारत नाही. चाचणीचे पत्रे सहसा दक्षिणेकडे तोंड करून, पंचेचाळीस अंशांत कलते ठेवतात, म्हणजे ऊन जास्तीत जास्त लागावं. उन्हाची परीक्षा त्यात चोख होते. आडव्या झडीची तितकी होत नाही.

काउंटरच्या पलीकडे

रत्नागिरी शहरातल्या दुकानात काउंटरवर शेड कार्डांचे गठ्ठे होते आणि कोपऱ्यात रंग मिसळायचं यंत्र घरघरत होतं. दुकानदार तिशीतला, वडिलांचं हार्डवेअरचं दुकान त्यानं रंगाचं केलेलं. फेब्रुवारी २०२४मध्ये बिर्ला ओपस बाजारात उतरल्यापासून सगळ्याच कंपन्यांची माणसं त्याच्याकडे जास्त वेळा येतात, म्हणाला. गिऱ्हाइकाला त्याचा फायदा झालाय का, यावर त्यानं खांदे उडवले.

लोक रंग निवडतात म्हणजे काय करतात, हे बघत मी बराच वेळ बसले. बहुतेक जण आधी छटा निवडतात. मग भाव विचारतात. मग त्याच छटेत खालचा माल आहे का विचारतात. गिलावा किती जुना, ओल कुठे येते, हे एकानंच सांगितलं, तेही दुकानदारानं विचारल्यावर.

"आणि माल कुठला हे खरं कोण ठरवतं?" मी त्याला विचारलं.

"मिस्त्री," तो लगेच म्हणाला. "मालक शेड ठरवतो, कंपनी मिस्त्री ठरवतो."

मिस्त्री का ठरवतो, यामागे हाताची सवय आहे, अनुभव आहे आणि टोकन आहे. बादलीत किंवा झाकणाखाली रंगाऱ्यासाठी कुपन असतं. पूर्वी ते दुकानात वटवायचं, आता मोबाइलवर कोड टिपला की गुण जमा होतात. यात चोरटं काही नाही, सगळ्या धंद्यात असतं. पण मालकाला ते माहीत असावं. वाडीतल्या आपल्या मिस्त्रींना मी सरळ विचारलं. तेही सरळ बोलले. "टोकन घेतो की ताई. सोडून कसं चालेल? मजुरीत लोक घासाघीस करतात. पण टोकनासाठी नको तो माल घातला, तर पुढच्या वर्षी याच वाडीत मला चहा कोण देईल?"

हमीपत्राचं तसंच. सात वर्षं, दहा वर्षं असे आकडे डब्यावर ठळक असतात. बारीक अक्षरांत बहुधा अटी असतात: त्याच कंपनीचं अस्तर वापरलेलं असावं, सांगितलेल्या पद्धतीनं दोन हात मारलेले असावेत, भिंतीत ओल नसावी, बांधकामात भेग नसावी, बिल जपलेलं असावं. दावा मान्य झाला तरी सहसा माल बदलून मिळतो, मजुरी नव्हे. आणि बाहेरून रंग काढताना खरा खर्च मजुरीचा असतो. मिस्त्रींच्या हिशेबानं शंभर रुपयांतले पस्तीस ते चाळीस डब्यांचे; उरलेले परांचीचे, खरवडण्याचे, हातांचे. म्हणजे भिंत कोरडी असेल तर दुप्पट किमतीचा डबा घेतल्यानं एकूण खर्च दुप्पट होत नाही, दीडपटही होत नाही. इथे हात आखडणं मला तरी शहाणपणाचं वाटत नाही. भिंत ओली असेल, तर मात्र स्वस्त माल घेणारा निदान कमी बुडतो.

किती माल लागेल हे काढणं सोपं आहे. एका लिटरात दोन हात मिळून साधारण ५० ते ६० चौरस फूट. भावांच्या घराच्या बाहेरच्या भिंती २२०० चौरस फुटांच्या, म्हणजे ४० लिटर, वीस-वीसच्या दोन बादल्या. खडबडीत गिलाव्यावर माल जास्त जातो. मिस्त्री एका बादलीत काम बसवून देतो म्हणाला, तर खूश होऊ नये. त्यानं पाणी किती घातलं ते बघावं. पाण्याची मर्यादा डब्यावर छापलेली असते.

हाच डबा पुण्यात

पुण्याला एका गृहसंस्थेची अकरा मजली इमारत रंगवायला काढली होती. वरून दोरांवर झुले सोडलेले, झुल्यावर माणसं, कंबरेला पट्टे. चिटणीसबाईंनी कोकणातल्या नातेवाइकांचं ऐकून जाड, ताणला जाणारा रंगच घ्यायचा आग्रह धरला होता. इमारत मोठ्या रस्त्याला लागून आहे. असा रंग अंगानं मऊ असतो आणि उन्हात अधिक मऊ होतो. धूळ त्याच्यावर बसते ती चिकटूनच. रत्नागिरीत धो धो पाऊस ती धुऊन नेतो. पुण्याच्या सातशे मिलिमीटरमध्ये ती भिजते, ओघळते आणि खिडक्यांखाली काळे पट्टे उमटतात. शेवटी तिथे कठीण अंगाचा, धूळ कमी धरणारा रंग ठरला, आणि भेगा आधी वेगळ्या बुजवायच्या ठरल्या.

लाल माती, लाल पट्टा

छटेचा विषय आतापर्यंत टाळला, कारण सगळे तिथूनच सुरुवात करतात. पण टिकण्याशी तिचा संबंध आहेच.

उन्हात कुठले रंग उतरतात, याचं उत्तर रंगद्रव्याच्या जातीत आहे. भडक पिवळा, जांभळा, गुलाबी, तांबडालाल या छटा बहुधा सेंद्रिय रंगद्रव्यांच्या. त्यांचे रेणू अतिनील किरणांनी मोडतात. गेरू, पिवळी माती, विटकरी, बदामी या लोखंडाच्या ऑक्साइडच्या छटा. त्यांना ऊन काही करत नाही, कारण ती आधीच गंजून बसलेली आहेत. गडद छटांसाठी यंत्र जो मूळ माल घेतं, त्यात टायटॅनियम जवळपास नसतंच, म्हणून सगळा भार रंगद्रव्यावर. शिवाय गडद भिंत जास्त तापते, थर जास्त ताणला-आकसला जातो. पश्चिमेच्या भिंतीला गडद जांभळा द्यायची हौस महाग पडते ती अशी.

पणजीच्या फोंतेन्यास भागात फिरताना निळी, तांबडी, पिवळी घरं आणि पांढऱ्या चौकटी दिसतात. पोर्तुगीज अमलात पांढरा रंग चर्चसाठी राखलेला होता आणि पावसाळ्यानंतर घरं पुन्हा रंगवायची रीत होती, असं तिथे सांगतात. दरवर्षी रंगवायचं ठरलेलं असेल, तर कुठलीही छटा परवडते.

कोकणातल्या जुन्या घरांना जोत्याच्या वर दोन हात गेरूचा पट्टा असे. पागोळ्यांचं पाणी अंगणात आपटतं आणि लाल चिखल भिंतीवर उडतो, बरोबर तेवढ्याच उंचीपर्यंत. डाग पडणार ते त्याच रंगाचे. आता त्या जागी मलईचा रंग असतो, आणि पहिल्या पंधरवड्यात त्याच्यावर तांबडी नक्षी उठते. डोंबिवलीचे भाऊ शेड कार्डावरून फिक्कट मलई निवडून बसले होते. मिस्त्रींनी खालचे अडीच फूट विटकरी करू या म्हटलं, तर पलीकडून उत्तर आलं, "जुन्या घरासारखं दिसेल."

"जुनं घर शंभर वर्षं तेच दिसत होतं ना भाऊ," मिस्त्री म्हणाले. थोरले हसले. विटकरी पट्टा मान्य झाला.

भिंतीचं वेळापत्रक

चांगला रंगारी बाहेरच्या कामात निम्म्याहून जास्त दिवस रंगाला हात लावत नाही. आधी पाणी कुठून येतं ते शोधायचं: गच्चीचा कोबा, फुटलेला पाइप, कुंड्यांचा कट्टा. छज्ज्याच्या खालच्या अंगाला, कडेच्या आत बोटभर खाच आहे का ते बघायचं. ही खाच नसेल तर पाणी छज्ज्याच्या पोटावरून मागे भिंतीपर्यंत चालत येतं. असेल तर तिथेच ठिबकतं. गवंड्याचं अर्ध्या दिवसाचं काम, आणि ते रंगाचा जन्म वाढवतं. मग शेवाळ मारायचं. नुसतं घासलं तर मुळं राहतात आणि नव्या रंगाखालून पुन्हा वर येतात. औषधाचं पाणी फिरवून, ते मुरू देऊन, धुऊन, वाळू द्यायचं. सुटा रंग खरवडायचा. जुन्या खिडक्या-ग्रिलांचा तेलरंग घासताना नाकाला फडकं नव्हे, चांगला मास्क हवा. घरगुती रंगातलं शिसं नव्वद पीपीएमच्या आत ठेवायचा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७पासून लागू झाला. त्याआधीच्या थरांत शिसं किती असेल ते सांगता येत नाही, आणि खाली अंगणात पोरं खेळत असतात.

भेगा बुजवायच्या त्या बाहेरच्या मालानं. घरात वापरायची अॅक्रिलिक लांबी बाहेर भरली, की पहिल्या पावसात ती फुगून मऊ होते आणि वरचा महागडा रंग घेऊन खाली येते. मिस्त्रींनी खरवडलेल्या पापुद्र्याची मागची बाजू मला दाखवली: रंग शाबूत, त्याच्या पाठीला लांबीचा पांढरा चुरा. "रंग गेला म्हणतात," ते म्हणाले. "रंग कुठे गेलाय? हा बघा, आहे की."

नवा गिलावा असेल तर आणखी धीर. सिमेंट सुरुवातीला तीव्र अल्कलीयुक्त असतं. महिनाभर तरी ते पिकायला हवं, नंतर वाळायला हवं. त्याआधी मारलेला रंग ठिगळाठिगळानं विटतो. जुने गवंडी नव्या घराला एक पावसाळा नुसत्या सिमेंट रंगावर काढायला सांगत. भेगा पडायच्या त्या पडून जातात, खार यायचा तो येऊन जातो, मग चांगला रंग. अस्तरही तेव्हाच, खाराला तोंड देणारं. वास्तुशांतीची तारीख ठरलेल्या घरमालकाला हे सांगणारा गवंडी आता मिळत नाही, आणि मिळाला तर त्याला पुढचं काम मिळत नाही.

वाडीतल्या घराचा तोडगा निघायला दुपार झाली. पूर्वेची दर्शनी भिंत आणि पडवी झडीपासून आडोशाला, प्लास्टिकखाली थेंब नाहीत. तिला आता धुऊन, साफ करून, दोन हात. व्याही तिकडूनच येणार. पश्चिमेची, दक्षिणेची भिंत आणि मागची बाजू नुसती खरवडून, शेवाळ मारून, छज्ज्यांना खाचा पाडून मोकळी ठेवायची. रंग फेब्रुवारीत, आंब्याचा हंगाम लागायच्या आधी. परांची दोनदा बांधावी लागेल म्हणून मिस्त्रींनी तिची मजुरी दोनदा लावली. धाकट्यांनी ती एकदाच देणार म्हणून सांगितलं. थोरल्यांनी दुसऱ्या खेपेचे बांबू आपल्या बागेतले देतो म्हटलं, तेव्हा मिस्त्रींनी खिशातून वही काढून आकडा खोडला, नवा लिहिला, आणि माल आणायला निम्मे पैसे आधी मागितले. दुसरी बादली फेब्रुवारीतच घ्यायची, आता आणून ठेवायची नाही, असंही त्यांनी बजावलं. ओल्या पडवीत अर्धवट उघडलेला डबा सहा महिन्यांत नासतो, आणि मग त्याचा दोषही रंगाऱ्यावरच येतो.